चैत्रातला स्वेटर

“मावशी, हे कुणाचे पाय एवढे छोटे?”

मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. वर बघितलं तर कावेरी दारात उभी, आणि तिच्या अंगठ्यावर लोकरीचा एक मोजा चढवलेला. पांढरा, गुलाबी नाडीचा.

“अगं बाई! हा कुठं सापडला तुला?”

“कॉटखाली टोपली आहे. मी झाडत होते.”

पाच वर्षांची पोर आणि कॉटखाली झाडत होती. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी येऊन तिला आठवडाही झाला नव्हता, पण सकाळी उठली की आधी स्वतःच्या अंथरुणाची घडी घालायची, मग केरसुणी शोधायची. मी केरसुणी लपवली तर फडकं घ्यायची.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. आम्ही तेव्हाही पाचगणीलाच होतो. ह्यांची रोपवाटिका, म्हणजे घरामागच्या जागेत स्ट्रॉबेरीची, गुलाबाची, सिल्व्हर ओकची रोपं, आणि माझं विणकाम. बाजारातल्या एका दुकानात माझे स्वेटर जायचे, पण खरं सांगते, मी काही त्यासाठी विणत नव्हते. हातात सुया नसल्या की हात कुठं ठेवावेत तेच मला कळत नाही. हे म्हणायचे, “हिच्याशी भांडायचं तर आधी सुया काढून घ्याव्या लागतात. विणताना ही कुणाचंच ऐकत नाही.”

तर ती टोपली. विणकामाचा विषय निघाला की माझी जीभ सुटते, मग समोर पाच वर्षांचं पोर आहे की पन्नास वर्षांची बाई, ते मी बघत नाही. तांदळाचं सूप बाजूला सारलं, टोपली ओढत पडवीत आणली आणि एकेक वस्तू तिच्यापुढं मांडायला लागले. कुंची, टोपडी, झबली, मोज्यांचे जोड आणि हे भलंमोठं दुपटं.

“ही कुंची बघ. हिच्या काठाला शिंपल्यांची वीण आहे. दोनदा उसवली तेव्हा कुठं मनासारखी झाली. आणि हे टोपडं आतून बघ, आतून. दिसतेय का कुठं गाठ?”

कावेरीनं टोपडं उलटं केलं आणि डोळ्यांजवळ नेऊन खरंच बघितलं. “नाही दिसत.”

“दिसणारच नाही!”

“हे कुठल्या बाळाचं आहे?”

मी उत्तर देणार तेवढ्यात मागच्या दारानं शकूवन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहायच्या. चैत्र तोंडावर आला होता, घरोघर कुरडया चालल्या होत्या, त्या पोरीसाठी वाटीभर गरम चीक घेऊन आल्या होत्या. टोपली बघितली आणि दारातच थांबल्या.

“आगं हेमे, ती कशाला काढलीस भाईर? तरी मी सांगत हुते, बाळ घरात यायच्या आदी काय बी इणू नगं. ऐकलंस का माजं? बघ आता! आणायला गेलीस बाळ अन् आणलीस घोडी!”

असं म्हणून त्यांनी कावेरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. घोडी हा त्यांच्या तोंडचा लाडाचा शब्द. त्या मलाही घोडीच म्हणायच्या, लग्न होऊन आले तेव्हापासून.

कावेरीनं अंगठ्यावरचा मोजा काढला, त्याचा जोडीदार शोधला, एकात एक घालून टोपलीत ठेवला. मग एकेक करत सगळ्या वस्तूंच्या घड्या घातल्या. वन्संनी चिकाची वाटी पुढं केली तर म्हणाली, “थोडासाच द्या.”

वन्सं बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही बाळच आणणार होतो. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेली, देव झाले, डॉक्टर झाले, शेवटी साताऱ्याच्या एका संस्थेत दत्तकासाठी नाव घातलं. तान्ह्या बाळासाठी रांग मोठी होती. बाळंतविडा खरं तर माहेरून यायचा, पण माझं माहेर आईबरोबरच संपलं होतं. म्हटलं, आपला आपण विणू. तीन हिवाळे मी विणत होते. लोक नावं ठेवायचे, ठेवू देत. मला त्या टोपड्यांत एवढा आनंद व्हायचा, की एक पुरं झालं की मी ते मुठीवर चढवून ह्यांना दाखवायची आणि हे मुठीला नमस्कार करायचे.

मग त्याआधीच्या दिवाळीनंतर संस्थेनं कसल्याशा कामासाठी बोलावलं. व्हरांड्यात बसलो होतो. मागून कुणीतरी माझ्या शालीला हात लावला.

“मावशी, तुमची शाल उसवतेय.”

वळून बघितलं तर ही. दोन वेण्या, एकीला लाल रिबीन, एकीला निळी. शालीचा सुटलेला धागा तिनं चिमटीत घट्ट धरला होता, आणखी उसवू नये म्हणून. मी गाठ मारेपर्यंत तिनं तो सोडला नाही. परत येताना आम्ही एसटीत बसलो. पसरणीचा घाट अर्धा चढून झाल्यावर हे म्हणाले, “बाळाला तो धागा धरता आला नसता.” झालं. पुढचं सगळं रीतसर, वेळ घेत घेत झालं आणि पाडव्याच्या थोडं आधी कावेरी घरी आली.

आली ती मात्र पाहुणी म्हणून आली. कापडाची एक पिशवी होती तिच्याकडं, ती तिनं दाराशेजारच्या खुंटीला अडकवली. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून, आत वर्तमानपत्र घालून ठेवला होता. तो तसाच राहिला. धुतलेला फ्रॉक वाळला की घडी करून पिशवीत. कंगवा पिशवीत. चपला दाराकडं तोंड करून. भाजी पुन्हा हवी का विचारलं की आधी पातेल्यात डोकावून बघायची. संस्थेच्या पालकरबाईंनी सांगितलं होतं, “घाई करू नका, हळूहळू रुळेल.” आता मी आणि हळूहळू! माझा जीव त्या पिशवीत अडकला होता. पोरीनं ती एकदा रिकामी करावी, तिचे दोन फ्रॉक माझ्या कपाटात ठेवावेत, एवढंच मला हवं होतं. आई म्हणून घ्यायची मला घाई नव्हती. म्हणजे होती, पण ते मी कुणाला कळू दिलं नसतं.

टोपली सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला रानात नेलं. पाचगणीला लोक थंडीत येतात, मे महिन्यात येतात, आणि त्यामधला हा काळ तेवढा आमचा असतो. अंजनी फुलली होती. अंजनीची फुलं अशी टोकाला येत नाहीत, फांदीला धरून येतात, जांभळी, बारीक. सगळ्या फांद्यांना कुणी लोकर गुंडाळून ठेवलीय असं वाटतं. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि तांबट पक्षी कुठंतरी बसून टुक टुक टुक करत होता. उताराच्या बांधावर पांगाऱ्याखाली लाल सडा पडला होता. तो बघून कावेरी पळालीच. ती पळताना मी पहिल्यांदाच बघत होते.

पाण्याच्या टाकीजवळ सपाट दगड आहे, त्यावर तिनं पांगाऱ्याच्या फुलांचं घर मांडलं. मी अंजनीच्या डहाळ्यांचं कुंपण केलं. करवंदीच्या पानांची ताटं झाली, काटेसावरीच्या पाकळीची गादी झाली. खोटं कशाला सांगू, तिच्यापेक्षा मीच जास्त रमले होते. ऊन चढलं तेव्हा म्हटलं, “चल, आता जेवायला.”

तर बाईसाहेबांनी फ्रॉकच्या ओच्यात सगळी फुलं गोळा केली आणि नेऊन पांगाऱ्याखाली ठेवायला लागल्या.

“अगं, हे काय करतेस? घे की घरी.”

“इथलं इथंच ठेवायचं असतं. मग दुसऱ्यांना खेळायला मिळतं.”

“रानात कोण विचारतंय? घे, हवी तेवढी घे.”

तिनं बराच विचार केला. “एकच घेते.” आणि ते एकही घराच्या पायरीवर, उंबऱ्याबाहेर ठेवलं.

पाडव्याला ह्यांनी गुढी उभारली. वन्संनी कावेरीच्या गळ्यात साखरेची गाठी घातली, गुलाबी, चांगली मोठी. आमच्या लहानपणी गाठी संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. हिनं दुपारी ती काढून कागदात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

“खायची नाही का गं?”

“तिकडच्यांना नेते. सगळ्यांना एकेक पाकळी येईल.”

मी स्वयंपाकघरात जाऊन ह्यांना गाठलं. “अहो, ही पोर जायच्या तयारीत आहे!”

“कुठं जायच्या?”

“मला काय माहीत कुठं! पिशवी भरतेय ती, दिसत नाही का तुम्हाला? मी काय कमी केलं हो? काल थालीपीठ केलं, परवा शेवया केल्या. सारखी बोलत असते तिच्याशी.” आणि मला रडूच फुटलं. सणाच्या दिवशी, श्रीखंडाचा डाव हातात घेऊन.

ह्यांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. “हेमा, तुला बोलून आजवर काही जमलंय? तू विण.”

“चैत्रात? लोकर?”

“मग काय झालं! थंडी येणारच आहे की.”

म्हणून दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर मी तिला पडवीत बोलावलं. माझी मापाची रीत म्हणजे धागा. टेपपेक्षा मला धागा बरा वाटतो. तो घेऊन मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

“हात वर कर.”

“कशाला?”

“स्वेटर विणायचाय. तुझा. रंग कुठला आवडतो?”

कावेरीनं हात अंगाशी घट्ट धरले. “नको.”

“का गं?”

“राहून जाईल.”

“कुठं राहून जाईल?”

“इथं. मी गेले की.” मग मला नीट कळावं म्हणून तिनं सावकाश सांगितलं, “बाळ आल्यावर मी तिकडं जाणार ना. तिकडं स्वेटर आहेत, एका कपाटात सगळ्यांचे.”

“कुठलं बाळ, कावेरी?”

“टोपलीतलं. त्याचं सगळं विणून झालंय.” तिचा आवाज अगदी शहाण्यासारखा होता. “आत्या म्हणाल्या ना, तुम्ही बाळ आणायला गेला होता आणि मला आणलं. चुकून. बाळ मिळालं की बदलून घ्यायचं. तोपर्यंत मी केर काढते.”

एवढे दिवस ही पोर हे सगळं मनात ठेवून माझ्या हातचं जेवत होती, माझ्या शेजारी झोपत होती! आधी वाटलं, तडक जाऊन वन्संना फैलावर घ्यावं. मग वाटलं, माझ्याच थोबाडीत मारून घ्यावी. शेवटी मी तिला जवळ ओढलं. ती माझ्या मिठीत ताठ उभी राहिली.

“अगं वेडे, कुणी येणार नाही. बाळबीळ काही नाही. तूच आमची. तुलाच आणायचं होतं.”

“बरं,” ती म्हणाली.

दूध पी म्हटलं की जसं बरं म्हणायची, तसंच. माझ्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास बसला नव्हता. आणि बसावा तरी कसा? मी तोंडानं काहीही म्हणेन, कॉटखाली तर अख्खं बाळ घडी करून ठेवलेलं होतं.

मी उठले, टोपली आणली आणि कुंची हातात घेतली. विणलेलं कुठूनही ओढलं तर उसवत नाही, शेवटचा टाका शोधावा लागतो. तो मी शोधला, गाठ कापली, धागा मोकळा केला.

“हे धर. ओढ.”

कावेरीनं धागा धरला, पण ओढला नाही. चिमटीत दाबून धरला. “मावशी, हे बाळाचं आहे!”

“बाळाचं नाही. लोकर आहे ती. ओढ.”

“उसवेल ना!”

“उसवायचंच आहे. यातून तुझा स्वेटर होणार आहे. सगळ्यातून.”

“मग बाळ आलं तर ते काय घालेल?”

“म्हणूनच तर उसवतेय. येणारच नाही कुणी.”

तिनं माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं. मग हळूच ओढला. एक टाका सुटला, दुसरा सुटला, आणि एकदम ओळच्या ओळ टर्रकन निघून आली. ती दचकली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा ओढला. शिंपल्यांचा काठ निघून जाताना मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण समोर ती पोर हसायला लागली होती, आणि तिच्या पुढच्या एका दाताला कीड आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, म्हणजे तोवर ती माझ्यासमोर एवढं तोंड उघडून हसलीच नव्हती.

मग काय विचारता! कुंची झाली, झबली झाली. कावेरी धाग्याचं टोक घेऊन अंगणात पळत सुटली, पेरूला वळसा, तुळशीला वळसा, ह्यांच्या गुलाबाच्या कुंड्यांमधून परत. मी पडवीत हातात टोपडं धरून उभी, आणि टोपडं माझ्या हातात नाहीसं होतंय. हे रोपांना पाणी घालायला आले ते पायात लोकर अडकून तिथंच थांबले.

“काय चाललंय हे?”

“काका, हलू नका!” कावेरी ओरडली. मोठ्यानं ओरडली! हे जागच्या जागी खांबासारखे उभे राहिले आणि तिनं त्यांनाही वळसा घातला.

तेवढ्या आरडाओरड्यानं शकूवन्सं आल्या. “आगं, काय येड लागलं काय तुला? तीन वर्सं इणलेलं उसवतीस? सण झाला न्हाई तवर?”

मी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि पोर काय म्हणाली ते सांगितलं. वन्सं मटकन पाटावर बसल्या. “माज्या जिभेला हाड न्हाई गं, हेमे. पोराच्या काळजाला लागंल, मला मेलीला काय ठावं!” पदरानं डोळे पुसले, उठल्या, पदर खोचला आणि बाहेर जाऊन कावेरीपुढं उभ्या राहिल्या.

“ए घोडे, इकडं बघ. बाळ काय, कोण बी आणतंय. घोडी मिळायला नशीब लागतं. कळलं का?” मग तिच्या हातातला गुंता घेतला. “आन ती लोकर हिकडं. असा गुंता करत्यात व्हय?”

दुपारभर आम्ही तिघी लडी करत बसलो. कावेरीचे दोन्ही हात पुढं, वन्संचं गुंडाळणं आणि माझी बडबड. उसवलेली लोकर कुरळी असते, धुवून वाळवली की सरळ होते. ह्यांना वाईला काम होतं, तिकडून त्यांनी पळसाची उरलीसुरली फुलं पिशवी भरून आणली. मोठ्या पातेल्यात ती उकळली, तुरटी घातली आणि पांढऱ्या, गुलाबी, निळ्या सगळ्या लडी त्यात सोडल्या. बाहेर काढल्या तेव्हा कुठली पिवळी, कुठली केशरी, कुठली हिरवट. दोरीवर वाळत घातल्या तर रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. कावेरीचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि ते ती प्रत्येकाला दाखवत होती.

मी टाके घातले. उकडत होतं, मांडीवर लोकर, मानेवरून घाम, आणि मी मजेत. लोक विचारायचे, “काय हो, चैत्रात स्वेटर?” मी म्हणायची, “तुम्ही मार्गशीर्षात आइस्क्रीम खाता ते?” कावेरी शेजारी बसून गुंडा धरायची. पाठ झाली, पुढा झाला. आता ती अंगणभर हुंदडायची, वन्संच्या घरून न विचारता चीक खाऊन यायची. पण पिशवी खुंटीलाच होती. मी रोज येता-जाता तिच्याकडं बघायची आणि गप्प बसायची. एक बाही पुरी झाली तेव्हाही ती तिथंच होती.

आणि त्या सकाळी फाटकाशी जीप थांबली.

पालकरबाई आल्या होत्या. घर बघायला, पोर कशी आहे ते बघायला त्या येणार हे मला ठाऊक होतं, पण विणण्याच्या नादात साफ विसरले होते. मी “या या” करत पाणी आणायला वळले, तर अंगणात खेळणारी कावेरी वाऱ्यासारखी माझ्या शेजारून आत गेली.

बाहेर आली ती चपला घालून. खांद्याला पिशवी. केस स्वतःच ओले करून चापून बसवलेले. आणि हातात तो स्वेटर, एका बाहीचा.

“मावशी, हा दुसऱ्या कुणाला तरी द्या,” असं म्हणून तिनं तो माझ्या हातात ठेवला. “एक बाही राहिलीये.”

रडत नव्हती. तेच मला सहन होईना. पालकरबाई माझ्याकडं बघतायत, मी त्यांच्याकडं.

“कुठं निघालीस गं?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही न्यायला आलात ना?”

“मी? मी चहा प्यायला आलेय. तुझ्या घरचा चहा चांगला असतो असं ऐकलं. बस इकडं माझ्याजवळ.”

ती बाकाच्या अगदी टोकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. बाईंनी चहा घेतला, घर बघितलं, रोपं बघितली, तिला चार गोष्टी विचारल्या. ती मान हलवून उत्तरं देत होती, पण लक्ष सगळं जीपकडं. हे हातात गुलाबाचं कलम घेऊन आले होते, ते खाली ठेवायचंच विसरले. शेवटी बाई उठल्या. कावेरीही उठली.

“येते हं, कावेरी. पावसाळ्यानंतर पुन्हा येईन तुझ्याकडं.”

बाई एकट्याच जीपमध्ये बसल्या. दार लागलं. कावेरी फाटकात उभी होती, पिशवीचा बंद दोन्ही हातांनी धरून. जीप वळणावरून गेली, सिल्व्हर ओकच्या आड दिसेनाशी झाली. तिचा आवाज घाटाकडं उतरत उतरत बंद झाला, तरी ही तिथंच. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर ह्यांनी माझा दंड धरला आणि मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं असेन.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती वळली. पडवीत आली, चपला काढल्या, पिशवी बाकाखाली टाकली आणि माझ्या हातातला स्वेटर घेतला. डोकं आत घातलं, तयार बाहीत हात घातला आणि हात पुढं ताणून बघायला लागली. बाही बरोब्बर मनगटाशी संपत होती.

“मावशी, ही बाही पुरत नाही.”

मी तिचं मनगट धरलं. “पुरते की गं. मनगटापर्यंत आलीय बघ.”

“आत्ता पुरते.” मी अगदीच मठ्ठ असल्यासारखं तिनं कपाळाला आठी घातली. “पण पुढच्या थंडीत माझा हात लांब होईल. त्याच्या पुढच्या थंडीत अजून लांब होईल. मग?”

“मग?”

“मोठी कर ना.”

“किती मोठी करू?”

तिनं हाताकडं बघितलं, बाहीकडं बघितलं. “खूप.”

बाही मी खांद्याकडून खाली विणत आणते. मनगटाशी बंद केलेले टाके उसवले, पुन्हा सुईवर घेतले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात मोकळा नव्हता, तरी विणत राहिले. लोकर अजून पुष्कळ होती.